कट केलेली फाइल जाते कुठे?

मी पाचोऱ्याला गेली २३ वर्षं टायपिंगचा आणि संगणकाचा क्लास घेते. या सदरासाठी येणारी पत्रं बहुतेक प्रिंटरची, नाहीतर विसरलेल्या पासवर्डची. या वेळी मात्र चार वेगवेगळ्या गावांहून चौघांनी एकच गोष्ट विचारली आहे: एका फोल्डरमधली फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये न्यायची, तीही माउसला हात न लावता. म्हणून आज दुसरं काही घेत नाही.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी यावल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. शाळेतल्या कार्यक्रमांचे, पोषण आहाराचे, झाडं लावल्याचे फोटो मोबाइलवरून लॅपटॉपच्या ‘डाउनलोड्स’मध्ये येऊन पडतात. ते इयत्तेप्रमाणे फोल्डरमध्ये लावायचे असतात. लॅपटॉपला माउस नाही. टचपॅडवर बोटाने ओढत नेताना मधेच बोट उचललं जातं आणि फोटो भलत्याच फोल्डरमध्ये पडतात. मागच्या महिन्यात चौथीचे फोटो असेच गेले, दोन तास शोधत बसले. कीबोर्डने हे काम होतं म्हणतात, पण कट केलं की फोटो फिका दिसतो. तो पुसला जाईल या भीतीने मी पुढचं बटण दाबतच नाही.

उत्तर: बाई, आधी त्या भीतीचं बघू, कारण ती काढली की उरलेलं काम बोटांचं आहे.

माझ्या क्लासमध्ये दर बॅचला कुणीतरी पहिल्यांदा कंट्रोल-एक्स मारतं, फाइल फिकी पडते आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘कोठे गयी व माय!’ ती कुठेही गेलेली नसते. वर्डमध्ये मजकूर कट केला की तो पानावरून खरंच उठतो, आणि आपल्या डोक्यात तेच बसलेलं असतं. विंडोजमध्ये फायलीचं तसं नाही. फाइल कट केली म्हणजे संगणकाने एवढीच नोंद घेतली की हिला हलवायचं आहे. पेस्ट करेपर्यंत ती होती तिथेच असते. बाजारात भरिताची वांगी निवडून बाजूला काढून ठेवली, तरी पैसे देईपर्यंत ती विकणाऱ्या मावशीचीच असतात ना, तसं. मधेच लाइट गेली, तुम्ही दुसरंच काही कॉपी केलं, लॅपटॉप बंद करून घरी गेलात, तरी फोटो मूळ फोल्डरमध्येच सापडेल. विचार बदलला तर एस्केप दाबा. फिका रंग जातो आणि फोटो होता तसा दिसतो.

आता बोटं. डाव्या हाताची करंगळी खाली डाव्या कोपऱ्यातल्या कंट्रोलवर टेकवा आणि हात सैल सोडा. अनामिका एक्सच्या जवळ येते, मधलं बोट सीच्या, तर्जनी व्हीच्या. कट, कॉपी, पेस्ट. चुकलेलं मागे घेणाऱ्या झेडसाठी अनामिकाच जरा डावीकडे न्यायची. करंगळी एकदा टेकली की मान खाली घालून बटणं शोधावी लागत नाहीत. मी विद्यार्थ्यांना पहिले दोन दिवस फक्त एवढंच करायला लावते, संगणक बंद ठेवून. तिसऱ्या दिवशी बोटं आपली आपण जातात.

मग काम असं करायचं. विंडोजचं चौकटीचं बटण आणि ई एकत्र दाबलं की फायलींची खिडकी उघडते. ऑल्ट आणि डी दाबा, वरची पत्त्याची पट्टी निवडली जाईल. तिथे डाउनलोड्स हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर मारला की त्या फोल्डरमध्ये पोचलात. फोटोंच्या यादीत निळी निवड दिसत नसेल तर ती दिसेपर्यंत टॅब दाबत राहा, मग बाणाच्या बटणांनी हिंडा. पहिल्या फोटोवर आल्यावर शिफ्ट धरून ठेवा आणि खाली बाण मारत जा, एकामागून एक फोटो निवडले जातात. सगळेच हवे असतील तर कंट्रोल-ए. नंतर कंट्रोल-एक्स. आता ऑल्ट धरून वरचा बाण दाबला की एक पायरी बाहेर याल, हव्या त्या फोल्डरवर जाऊन एंटर माराल, आणि तिथे कंट्रोल-व्ही.

चौथीचं फोल्डर अजून नसेल तर पेस्ट करण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकत्र दाबा. नवं फोल्डर तयार होतं आणि नाव लिहायला कर्सर तिथेच लुकलुकत असतो. मराठीत नाव द्यायचं असेल आणि मराठी कीबोर्ड बसवलेला असेल तर विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून भाषा बदला. नाव लिहून एंटर, आत जायला आणखी एकदा एंटर.

यात एकच जागा जपायची, ती म्हणजे कंट्रोल-व्ही मारण्याआधीचा क्षण. त्या वेळी वरच्या पट्टीत फोल्डरचं नाव वाचा. मी मुलांकडून ते मोठ्याने म्हणून घेते, ‘चौथी!’ आणि मगच बोट खाली. टचपॅडवर फोटो ओढून नेताना तुम्ही आधी सोडता आणि मग कुठे पडला ते बघता. बटणांनी काम केलं की आधी त्या फोल्डरमध्ये जाऊन उभं राहावं लागतं. फोटो हरवायचे थांबतात ते यामुळे, म्हणून मी माणसांना माउस सोडायला सांगते. वेग वाढतो ते वेगळंच.

आणि चौथीचे फोटो भलतीकडे पडले त्याच क्षणी कंट्रोल-झेड मारलं असतं तर ते सगळे जागेवर परत आले असते. हलवलेली फाइलसुद्धा त्याने मागे येते, हे पुष्कळांना माहीत नसतं. तुमचे दोन तास गेले याचं मला फार वाईट वाटलं. पुढच्या वेळी कुठे पडले हे कळलं नाही तरी शोधायच्या आधी कंट्रोल-झेड मारा.

प्रश्न: ताई, रावेर तालुक्यात माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. केळीच्या विम्याच्या दिवसांत शेतकऱ्यांचे सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचं पासबुक स्कॅन करून प्रत्येकाचं वेगळं फोल्डर करतो. परवा सगळे फोल्डर डी ड्राइव्हमधून कट करून पेन ड्राइव्हवर टाकत होतो आणि लाइट गेली. इन्व्हर्टरही दमला होता. आता काही कागद इकडे आहेत, काही तिकडे, आणि पेन ड्राइव्हवरचा एक सातबारा उघडतच नाही. डी ड्राइव्हच्या आत या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये हलवताना असं कधीच झालं नाही. फरक कशाचा?

उत्तर: भाऊ, तुम्ही पीजेने, म्हणजे पाचोरा-जामनेरच्या छोट्या रेल्वेने, गेला असालच. जामनेरहून छोट्या गाडीने पाचोऱ्याला आलेल्या माणसाला मुंबईकडे जायचं असलं तर गाठोडं घेऊन उतरावं लागे आणि मोठ्या गाडीत नव्याने चढावं लागे, कारण रुळांची रुंदीच वेगळी. मोठ्या लाइनीवरचा डबा मात्र एका गाडीतून काढून दुसऱ्या गाडीला जोडला की झालं, आतला माणूस जागचा हलत नाही.

तुमच्या फायलींचं तसंच आहे. डी ड्राइव्हच्या आत फाइल हलवता तेव्हा तिच्यातला मजकूर तसूभरही हलत नाही. ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे ही नोंद तेवढी बदलते. म्हणून दोन जीबीचा लग्नाचा व्हिडिओसुद्धा डोळ्याचं पातं लवायच्या आत हलतो. पेन ड्राइव्ह ही वेगळी लाइन. तिथे संगणकाला फायलीची पूर्ण प्रत लिहावी लागते आणि ती झाल्यावर मूळ फाइल पुसावी लागते. याला वेळ लागतो, आणि लाइट त्या वेळातच जाते. जिची प्रत पूर्ण झाली नाही तिचं मूळ डी ड्राइव्हमध्येच राहतं. म्हणजे तुमचा न उघडणारा सातबारा पेन ड्राइव्हवर अर्धवट लिहिला गेलेला असणार. डी ड्राइव्हच्या त्या शेतकऱ्याच्या फोल्डरमध्ये बघा, चांगला सातबारा तिथे असायला हवा. तो सापडल्याशिवाय पेन ड्राइव्हवरचं काहीही पुसू नका.

२०११ साली माझ्याकडे एक विद्यार्थिनी तिचा प्रबंध टाइप करायला येत होती. एका संध्याकाळी घाईघाईत मी तो कट करून तिच्या पेन ड्राइव्हवर टाकला आणि हिरवी पट्टी पूर्ण झाली असं समजून पेन ड्राइव्ह ओढून काढला. घरी तिच्या संगणकावर चौथं प्रकरण उघडेना. माझ्याकडे जुनी छापील प्रत होती म्हणून निभावलं. मी दोन रात्री बसून ४६ पानं पुन्हा टाइप केली. तेव्हापासून क्लासच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय: पेन ड्राइव्हला कट नाही, कॉपी.

तुम्हीही तसंच करा. डी ड्राइव्हच्या आत खुशाल कंट्रोल-एक्स. बाहेर न्यायचं असलं की कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही. नंतर मूळ फोल्डर निवडून ऑल्ट-एंटर मारा. आत किती फायली आहेत आणि एकूण आकार किती ते दिसतं. पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरवरही तेच करून बघा. दोन्हीकडचे आकडे जुळले, एखाद-दोन कागद उघडून पाहिले, की मगच डी ड्राइव्हमधलं डिलीट करा. पेन ड्राइव्ह काढताना आधी कोपऱ्यातल्या चिन्हावरून तो सुरक्षित काढण्याचा पर्याय निवडायचा. हिरवी पट्टी गेली म्हणजे लिहिणं संपलंच असं नसतं. आणि पेन ड्राइव्हवर पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. शिफ्ट धरून डिलीट मारलं तर डी ड्राइव्हचीही जात नाही. शिफ्ट-डिलीटची सवय लावून घेऊ नका.

तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या कामात नक्की घडत असणार म्हणून सांगते. स्कॅनर बहुतेक वेळा प्रत्येक कागदाला स्कॅन आणि पुढे आकडा एवढंच नाव देतो. दोन शेतकऱ्यांचे कागद एका फोल्डरमध्ये आले की नावं सारखी होतात आणि पेस्ट करताना खिडकी येते: जुनी बदलू, वगळू, की दोन्ही ताडून बघू? पहिलाच पर्याय जुनी फाइल बदलण्याचा असतो. गिऱ्हाइकांची रांग लागलेली असते, माणूस न वाचता एंटर मारतो आणि एकाच्या आधारवर दुसऱ्याचं आधार चढतं. ती जुनी फाइल मग रिसायकल बिनमध्येही मिळत नाही. बाण मारून ताडून बघण्याच्या पर्यायावर जा. तिथे दोन्ही बाजूंना खूण केली की विंडोज एका फायलीच्या नावापुढे आकडा लावून दोन्ही ठेवतं. त्यापेक्षा हलवण्याच्या आधीच नाव बदलणं चांगलं. फायलीवर उभं राहून एफ-२ दाबा, नाव लिहा आणि एंटरच्या ऐवजी टॅब दाबा. पुढच्या फायलीचं नाव आपोआप लिहायला उघडतं. सातबारा, टॅब, आठ-अ, टॅब, आधार, टॅब, पासबुक, एंटर. एका शेतकऱ्याचे चार कागद अर्ध्या मिनिटात.

हंगाम संपला की ही आधारं आणि पासबुकं दुकानाच्या संगणकावर पडून राहू देऊ नका. लोकांनी विश्वासाने तुमच्या हातात दिलेले कागद आहेत ते.

प्रश्न: मी धुळ्यात बी.एस्सी.ला आहे. मामांनी त्यांचा जुना मॅक दिला. त्यात कंट्रोलच्या जागी कमांड वापरतात हे कळलं, पण कमांड-एक्सने फाइल कटच होत नाही. बिघडलाय का?

उत्तर: नाही बेटा, मॅकची पद्धतच वेगळी आहे. फाइल निवडून कमांड-सी मार, म्हणजे साधी कॉपी. दुसऱ्या फोल्डरमध्ये गेल्यावर ऑप्शन, कमांड आणि व्ही एकत्र दाब. फाइल तिथे येते आणि पहिल्या जागेवरून जाते. विंडोजमध्ये हलवायचं की कॉपी करायची हे निघतानाच ठरवावं लागतं, मॅकमध्ये पोचल्यावर. चुकलं तर कमांड-झेड. नव्या फोल्डरसाठी कमांड, शिफ्ट आणि एन.

प्रश्न: भुसावळहून नमस्कार. रेल्वेत पार्सल ऑफिसला क्लार्क होतो, आता वय ७१. दोन वर्षांपूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात नाही. नातवाने घरातले जुने सगळे फोटो स्कॅन करून लॅपटॉपवर टाकून दिले आहेत, पण एकाच फोल्डरमध्ये सगळी सरमिसळ. मला ते मुलांच्या नावाने वेगळे लावायचे आहेत. डाव्या हाताने माउस जमत नाही. दोन बटणं एका वेळी दाबणंही अवघड जातं, ती लांब असली तर होतच नाही. आणि एक कुतूहल: कटला एक्स आणि पेस्टला व्ही का? इंग्रजी शब्दांशी तर जुळत नाही.

उत्तर: नाना, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. हे काम तुमच्याकडून नक्की होईल, फक्त संगणकाला एक गोष्ट सांगून ठेवावी लागेल.

शिफ्टचं बटण ओळीने पाच वेळा दाबा. एक छोटी खिडकी उघडून विचारेल की स्टिकी कीज चालू करू का. एंटर मारा. आता दोन बटणं एकत्र दाबायची गरज उरली नाही. कंट्रोल दाबून सोडा, हात उचला, सावकाश एक्सपर्यंत न्या आणि दाबा. संगणक ते कंट्रोल-एक्सच समजतो. ऑल्ट आणि वरचा बाण कीबोर्डच्या दोन टोकांना असले तरी आता डाव्या हाताने एकामागून एक दाबता येतील.

तुमचे फोटो सरमिसळ आहेत, म्हणजे थोरल्या मुलाचा एक इथे, दुसरा सात फोटोंनंतर. असे सुटे सुटे निवडायला कंट्रोल ओळीने दोनदा दाबा. ते बटण अडकून राहतं, म्हणजे कुणीतरी तुमच्यासाठी धरून ठेवलंय असं समजा. आता बाण मारलेत की एक बारीक चौकट पुढे सरकेल, पण निवड बदलणार नाही. थोरल्याच्या फोटोवर चौकट आली की स्पेसबार, तो निवडला जातो. पुढे चला, पुढचा दिसला की पुन्हा स्पेसबार. चुकून भलता निवडला तर त्याच्यावरच परत स्पेसबार दाबा, सुटतो. सगळे झाले की नुसतं एक्स दाबा, कारण कंट्रोल तर धरलेलंच आहे. मग कंट्रोल एकदा दाबून मोकळं करा, थोरल्याच्या फोल्डरमध्ये जा, आणि कंट्रोल, मग व्ही. एका दिवशी एकाच मुलाचे फोटो घ्या, खांदा दुखणार नाही.

फोटो ओळखता यावेत इतके मोठे दिसायला हवेत. कंट्रोल, शिफ्ट, आणि वरच्या ओळीतलं एक, असं एकामागून एक दाबलंत की चित्रं सगळ्यांत मोठी होतात.

एक्स-व्हीची गोष्ट सांगते. कट-कॉपी-पेस्ट ही पद्धत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट या दोघांनी १९७०च्या दशकात, झेरॉक्स कंपनीच्या अमेरिकेतल्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात बसवली. पूर्वी संपादक कागदाची पट्टी खरोखर कात्रीने कापून डिंकाने दुसरीकडे चिकटवत, त्यावरून हे शब्द आले. टेस्लर पुढे अ‍ॅपलमध्ये गेले. १९८३मध्ये आलेल्या लिसा संगणकावर झेड, एक्स, सी, व्ही ही शेजारशेजारची बटणं या कामाला लावली गेली. एक्स म्हणजे खोडल्याची फुली. सी तेवढा कॉपीचा. आणि मुद्रितं तपासणारे लोक राहिलेला शब्द घालायला ओळीखाली काकपदाची खूण करतात ना, ते काकपद उलटं केलं की व्ही दिसतो: इथे घाला. पार्सलवर खुणा करण्यात तुमचं आयुष्य गेलं, तुम्हाला ही पटकन लक्षात राहील. टेस्लर १६ फेब्रुवारी २०२०ला गेले, ७४ वर्षांचे होऊन.

आणखी एक, नाना. घरातलं दुसरं कुणी लॅपटॉपवर बसलं आणि त्याने सवयीने दोन बटणं एकदम दाबली की स्टिकी कीज आपोआप बंद पडते. मग तुम्ही कंट्रोल दाबून सोडलंत आणि एक्स दाबलंत तरी कट होणार नाही. लॅपटॉप बिघडला असं समजून नातवाची वाट बघत बसू नका. शिफ्ट पाच वेळा, एंटर, की पुन्हा चालू.